उजवीकडची सीट

विमानात बसणाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. त्यांना विमानात बसवणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. यंदा आमच्या नाताळ अंकाच्या पोरांनी विचारलं, म्हणून लिहितो. तेही त्यांनी आधी माझ्या बायकोला, फिलूला, विचारलं. ती म्हणाली, "खुशाल सांगा त्याला लिहायला. फक्त एकदा सुरू झाला की थांबवायचं कसं ते मला विचारायला येऊ नका."

आमच्या गावात, पापडीत, माझ्याबद्दल एक गैरसमज आहे, तो आधी काढून टाकतो. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कुणीतरी पाहुण्याला माझी ओळख करून देतो, "हा आंतोन. एअरफोर्समध्ये विमान चालवायचा." मी विमान कधीच चालवलं नाही. मी विमानाची सीट बघायचो. हे सांगितलं की पाहुण्याचा चेहरा पडतो आणि तो पावसापाण्याचं बोलायला लागतो. म्हणून आता म्हातारपणी मी गप्पच राहतो. पण खरं ते खरं. सबंध नोकरीत मी पोरांना सीटवर बांधून वर पाठवलं आणि स्वतः त्या विमानातून एकदाही वर गेलो नाही. ही एक गोष्ट मनात राहून गेली. बाकी देवानं सगळं दिलं.

आमचं विमान म्हणजे 'किरण'. नव्या पोरांना जेट शिकवायचं छोटं विमान. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तसं ह्यात सगळंच दुहेरी. पुढे-मागे नाही, शेजारी-शेजारी दोन सीट. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा, दोघांच्या पुढ्यात एकेक दांडा. शिकणाऱ्यानं चूक केली की शेजारून हात यायचा, कधी दांड्यावर, कधी हेल्मेटवर. दिसायला काही राजबिंडं नव्हतं ते. नाक आखूड, पोट जमिनीला टेकेल इतकं खाली. लढाऊ विमानांच्या तळावरून बदलून आलेले लोक त्याला बघून हसायचे. पण त्या विमानांचे कितीतरी पायलट आधी ह्याच सीटवर घाम गाळून गेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं.

आता सीटचं सांगतो. ही खुर्ची नव्हे. हिच्या पाठीला बार भरलेला असतो. वर काही बिघडलं की पायलटनं कडी ओढायची, की खुर्ची त्याच्यासकट विमानातून बाहेर फेकली जाते आणि पॅराशूट उघडतं. जमिनीवर चुकून असं होऊ नये म्हणून सीटला पिना लावलेल्या असतात, त्यांना लाल फिती. पायलट बसला की त्याला बांधायचं. आधी पायांचे पट्टे, मग मांड्यांचे, मग खांद्यांचे, मग ऑक्सिजनची नळी आणि बोलायची तार. शेवटी पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या. त्यानं मोजायच्या आणि अंगठा वर करायचा. मग आपण खाली उतरायचं आणि शिडी काढायची. शिडी काढेपर्यंत तो आपला असतो. पट्टा टोचतोय, मास्क बसत नाही, नाकाला खाज सुटली, सगळ्या तक्रारी आपल्याकडे. शिडी काढली की तो आपला राहत नाही.

माझ्या हातांनी तयार केलेली एकही सीट कधी उडवावी लागली नाही. फिलूचा भाऊ एकदा म्हणाला, "म्हणजे तू ठीक केलेली सीट चालते की नाय, ते तुला माहीतच नाय?" मी म्हटलं, बाबा रे, तेच तर आमचं नशीब. ह्या धंद्यात काम कधी बघायला मिळालं नाही, की काम चांगलं झालं असं समजायचं.

आणखी एक काम होतं, ते बाहेरच्या कुणाला सुचणारसुद्धा नाही. पोरगा पहिल्यांदा एकटा जायचा, त्याला सोलो म्हणतात, तेव्हा उजवीकडची सीट रिकामी असायची. रिकामी सीट तशीच सोडून चालत नाही. विमान वर उलटंपालटं होतं. मोकळा पट्टा लोंबकळत जाऊन दांड्यात अडकला, तर पोरगं दांडा ओढत राहील आणि दांडा हलणार नाही. म्हणून रिकाम्या सीटचे पट्टे एकमेकांत अडकवून, जणू कुणी बसलंय असे गच्च आवळायचे. नळी खोचायची, तार खोचायची, पिना काढायच्या नाहीत. हात फिरवून बघायचं, काही हलत नाही ना. हे काम मी कुणाला देत नसे. आमचे सार्जंट नायर म्हणायचे, "डिमेलो, तू ती सीट अशी बांधतोस, जसा कुणी पाहुणा बसलाय." मी म्हणायचो, बसलाय की, दिसत नाही एवढंच.

ह्या नोकरीची सवय अंगात मुरते. रोज सकाळी आम्ही सगळे एका रांगेत, मान खाली घालून, विमानांच्या वाटेवरून चालत जायचो आणि खडे वेचायचो. एवढासा खडा इंजिनानं गिळला तरी इंजिन बाद. सुट्टीत घरी आलो की मी पहाटे उठून अंगणातले खडे वेचत फिरायचो. फिलू दारात उभी राहून बघायची. "अरे, ते वाडीचं अंगण हाय. इथं कोंबड्या उतरतात." लग्न झालं त्या दिवसापासून ती मला 'तू'च म्हणते. माझ्या बढत्यांचा तिच्यावर कधी काही परिणाम झाला नाही.

फिलूचं माहेर सांडोर. केळीच्या बागेत वाढलेली. लग्नानंतर तिनं माझ्याबरोबर यायचं, असं ठरलं होतं. पण माझे वडील अंथरुणाला खिळले आणि आईला डोळ्यांनी दिसेनासं झालं. मग वाडी कोण बघणार, विहिरीवरचा पंप कोण बघणार, असं करत करत फिलू पापडीत राहिली आणि मी तिकडे, दक्षिणेतल्या पठारावर. दोन्ही पोरं तिनं वाढवली. एकदाच ती दोन महिने क्वार्टर्समध्ये येऊन राहिली. पण विमानांच्या लाइनवर घरच्यांना सोडत नाहीत. तिनं विमानाचा आवाज ऐकला, तो दिवसभर. विमान जवळून बघितलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो की विचारायची, "आज कोण गेलं वर?" मी पोरांची नावं सांगायचो. मग विचारायची, "वर गेल्यावर काय दिसतं रे?" मी काय सांगणार? मी म्हणायचो, "मला कुणी नेलं तर सांगेन."

नेण्याची आशा होती, कारण आमच्याकडे एक राठोड सर होते. स्क्वाड्रन लीडर. बोलायला तिखट, पण कामगाराची किंमत जाणणारा माणूस. त्यांचा एक नेम होता. विमान मोठ्या दुरुस्तीतून बाहेर आलं आणि ते चाचणीला वर न्यायचं असलं, की ते परवानगी काढून दुरुस्ती करणाऱ्यांतल्या एकाला उजवीकडे बसवायचे. "ज्यानं बोल्ट आवळला त्यानं बसायचं," असं म्हणायचे. त्यात कौतुक होतं आणि धाकही होता. आपण स्वतः बसणार म्हटलं की बोल्ट जरा जास्त प्रेमानं आवळला जातो. इंजिनवाले गेले, विजेचे वायरवाले गेले. नायर गेले आणि उतरल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मला सर्दी झाली.

हसू नका. सर्दी असताना वर गेलं की कानाचे पडदे फाटायची भीती असते. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली आणि नाही म्हणाला. मी त्याला सांगितलं, "साहेब, ही सर्दी नाही, आमच्याकडे सगळ्यांचं नाक असंच असतं." त्यानं ऐकलं नाही. माझ्या जागी विजेचं काम करणारा गेला आणि संध्याकाळी मेसमध्ये हातवारे करून सांगत बसला. मी वाफारा घेत ऐकत होतो. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

त्याच सुमारास मोहिते आला. साताऱ्याकडचा पोरगा, उंच, हडकुळा, बसवताना गुडघे कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न. मराठी बोलणारा मी एकटा सापडल्यावर तो मला चिकटला. उडवण्यात वाईट नव्हता, पण घाबरट. शेजारच्या माणसाकडे बघत बघत उडवायचा. राठोड सर म्हणायचे, "हा पोरगा विमान उडवत नाही, माझा चेहरा उडवतो."

एके दिवशी मोहिते उतरला तो पांढराफटक पडून. वर विमान उलटं केलं तेव्हा त्याच्या खिशातून काहीतरी निसटलं होतं.

"काय होतं?" मी विचारलं.

"सुपारी," तो म्हणाला.

"कसली सुपारी?"

"गणपतीची. आईनं दिलीय. खिशात ठेवतो."

कॉकपिटमध्ये सुटी वस्तू म्हणजे आमच्याकडे आगच लागली म्हणायची. आमच्या औजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची, का, तर एक पाना जागेवर नसला की लगेच दिसावा आणि तो सापडेपर्यंत विमान हलू नये. पान्याला जो नियम तोच सुपारीला. दांड्याच्या मुळाशी जाऊन अडकली तर सुपारी आणि लोखंड सारखंच. विमान थांबवलं. नायर आले. "ये सुपारी क्या होता है?" मी समजावलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "एक जेट हवाई जहाज, एक पान के सामान के लिए खड़ा है." दोन्ही सीट बाहेर काढल्या. मी आरसा आणि बॅटरी घेऊन पोटावर पडून शोधत राहिलो. उजवीकडच्या सीटच्या रुळामागे सापडली, वास लागलेली, तेलकट. मी पुसून हातात धरली.

राठोड सर तिथंच उभे होते. मोहितेनं मान खाली घातली होती. सरांनी सुपारी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे दिली. "डिमेलो, ही ह्याच्या अंगावर अशी शिवून दे, की विमान उलटं झालं तरी पडायची नाही." एवढंच बोलले. मी पट्ट्याचं जाड कापड आणि मेणाचा दोरा घेऊन त्याच्या ओव्हरऑलच्या आत, छातीपाशी, छोटा कप्पा शिवला. पॅराशूटच्या पट्ट्याला घालतात तशी टीप घातली. पापडीच्या किरिस्तावानं गणपती शिवला, म्हणून नायर महिनाभर चिडवत होते. मी म्हटलं, कुणी का असेना, वर जाणाऱ्याला आधार लागतो.

आता त्या दिवसाकडे येतो. माझी मुदत संपत आली होती. आणखी थोडे दिवस, मग कायमचं घरी. राठोड सरांना माझी सर्दी लक्षात होती. त्यांनी वरून परवानगी आणली. एक विमान दुरुस्तीतून निघालं होतं, त्याची चाचणी सकाळीच आटपली होती. दुपारी त्याच विमानातून ते मला फेरी मारून आणणार होते. ते डावीकडे, मी उजवीकडे. डॉक्टरनं नाक बघितलं, कान बघितले, सही दिली. आदल्या दिवशी मी फिलूला दुकानातल्या फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "डोळे उघडे ठेव. नीट बघून ये. आलास की मला सगळं सांग." मागनं पोरांचा कालवा चालला होता.

मला नायरनी बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पट्टे माझ्या अंगावर आले. मी पोरांना सांगायचो, "घट्ट वाटलं तरी चालेल, सैल नको." आता कळलं की घट्ट म्हणजे किती घट्ट. हेल्मेटच्या आत स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. समोर काच, काचेपलीकडे सगळी मोकळी धावपट्टी. सर अजून खाली उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. मी हात मांडीवर ठेवून बसून होतो आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं.

सर बोलत होते ते मोहितेच्या परीक्षकाशी. मोहिते दोनदा नापास झाला होता. ती त्याची शेवटची परीक्षा होती. तो परीक्षकाबरोबर वर जाऊन आला होता आणि ह्या वेळी परीक्षक खूश होता. अशा वेळी आमच्याकडे एक रीत होती. पोरगा चांगला उतरला की परीक्षकानं तिथल्या तिथं उतरायचं आणि म्हणायचं, जा, आत्ताच्या आत्ता, एकटा. विचार करायला वेळच द्यायचा नाही. विचार केला की भीती आत शिरते. परीक्षक उतरलाही होता. पण विमान बघणाऱ्या पोरांना चाकाच्या टायरला चीर दिसली. ते विमान जागेवर बसलं. बाकीची सगळी वर होती. पश्चिमेकडून ढग भरून येत होते, तासाभरात लाइन बंद होणार हे दिसत होतं. लाइनवर उडायला तयार असं विमान एकच होतं. त्यात मी बसलो होतो.

राठोड सर शिडी चढून वर आले. त्यांना हुकूम द्यायचा अधिकार होता. त्यांनी हुकूम दिला नाही. ते म्हणाले, "डिमेलो, तो आज गेला नाही तर उद्या जाणार नाही. तू त्याला बघतोयस."

मी बघितलं. खाली मोहिते उभा होता. हेल्मेट डोक्यावर, हात छातीपाशी, जिथे मी कप्पा शिवला होता तिथे. त्याला समोर काय चाललंय ते कळत नव्हतं. तो फक्त वाट बघत होता.

मी पट्ट्यांची चकती फिरवली, पट्टे सोडले आणि उठलो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मोहिते डावीकडे बसला, त्याला मी बांधलं. मग मी उजवीकडे वळलो. सीटला अजून माझ्या अंगाची ऊब होती. मी पट्टे एकमेकांत अडकवले, आवळले, नळी खोचली, हात फिरवून बघितला. ज्या सीटवरून मी आत्ता उठलो, तीच मी रिकामी म्हणून बांधत होतो.

मोहिते म्हणाला, "काका, शेजारी कुणीच नाही."

मी म्हटलं, "मी बांधलंय ना. तिकडे बघू नकोस. पुढं बघ."

पिना दाखवल्या. त्यानं अंगठा वर केला. मी उतरलो आणि शिडी काढली.

तो गेला, फेरी मारली, आणि इतका सुंदर उतरला की परीक्षकसुद्धा टाळी वाजवून मोकळा झाला. संध्याकाळी मोहितेनं आम्हाला पेढे वाटले. मी दोन खाल्ले. सर म्हणाले, "उद्या, डिमेलो. उद्या नक्की." दुसऱ्या दिवशी ढग जमिनीला टेकले आणि टेकूनच राहिले. ते उठायच्या आत माझा निरोपसमारंभ झाला. मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अजून चालतं.

लोक ऐकून म्हणतात, किती मोठं मन तुमचं. मोठं मन वगैरे काही नाही. मला तेव्हाही वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पोराचं भलं झालं ह्याचा आनंद एकीकडे आणि ती मोकळी धावपट्टी एकीकडे. दोन्ही खरं आहे. आनंदानं हुरहुर फिटत नाही, एवढं मला ह्या वयात कळलंय.

घरी आलो तेव्हा वडील गेलेले होते, आई त्याच वर्षी गेली. पोरं मोठी झाली होती आणि मला पाहुण्यासारखी वागवत होती. फिलूनं पहिल्या जेवणाला विचारलं, "मग? काय दिसलं?" मी सांगितलं काय झालं ते. ती बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस." आणि पुन्हा तो प्रश्न तिनं कधी विचारला नाही. तिनं विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. मी पुढं रेल्वेच्या पूर्वेकडच्या कारखान्यांतून पंप दुरुस्तीची कामं केली. आता तेही बंद. संध्याकाळी वाडीत खुर्ची टाकून बसतो. मुंबईला उतरणारी मोठी विमानं आमच्यावरून जातात. पोरानं एकदा आम्हा दोघांना त्यातून गोव्याला नेलं. विमान कसलं, एसटी ती. खिडकीतून पंख दिसला आणि ढग दिसले, पण पुढचं काहीच दिसलं नाही. पट्टा तर पोटावर नावालाच.

परवा फोन आला. "काका, मोहिते बोलतोय." आता तोही निवृत्त झालाय, विंग कमांडर म्हणून. मी विचारलं, सुपारी आहे का अजून? म्हणाला, "आहे की. आई नाही." मग म्हणाला, "काका, किरण आता जुनी झाली. एकेक करून सेवेतून काढतायत. त्यातलं एक तुमच्याकडे आलंय. चिंचोटीकडे जाताना हायवेच्या बाजूला इंजिनियरिंगचं कॉलेज आहे, तिथल्या पोरांना शिकायला दिलंय. मी शनिवारी येतोय बघायला. तुम्ही या. काकूंनाही आणा."

फिलूचे गुडघे दुखतात, ती कुठे जात नाही. मी तिला विचारलं नुसतं. ती आतून पर्स घेऊनच बाहेर आली.

कॉलेजच्या पटांगणात पत्र्याच्या शेडखाली ते उभं होतं. मी आधी शेपटीवरचा नंबर वाचला. जे विमान मी सोडून उतरलो तेच असतं तर गोष्ट छान झाली असती. ते नव्हतं. पण ते आखूड नाक तेच, जमिनीजवळचं पोट तेच. मी हात लावला. पत्रा उन्हानं तापला होता, तसाच तापायचा. फिलू पदरानं घाम पुसत त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. "एवढंसं?" ती म्हणाली. "एवढ्याशासाठी तू तिकडे राहिलास?"

मोहितेचे केस पांढरे झालेत, हडकुळेपणा गेलाय. त्यानं वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. कॉलेजची पोरं जेवायला गेली होती, प्राध्यापकांनी आम्हाला मोकळीक दिली होती. सीटमधले बार काढून टाकलेले, काही भीती नव्हती. मोहिते म्हणाला, "काका, बसा. डावीकडे बसा." त्यानं शिडी धरली. मी हळूहळू चढलो आणि डावीकडे बसलो. समोर धावपट्टी नव्हती, कॉलेजची भिंत होती. तरी हात आपसूक मांडीवर गेले.

मग माझी नजर उजवीकडे गेली. त्या पोरांनी काय खेळ केला होता कोण जाणे, पट्टे सगळे मोकळे लोंबकळत होते. मला राहवलं नाही. मी वाकलो आणि ते एकमेकांत अडकवायला लागलो. बोटांना सगळं आठवत होतं.

"काय करतोस?" फिलूनं खालून विचारलं.

"रिकामी सीट बांधतोय. मोकळी ठेवून चालत नाय."

ती म्हणाली, "रिकामी कशाला? सोड ते पट्टे."

ती पलीकडच्या बाजूनं आली. मोहितेनं शिडी फिरवून तिकडे लावली आणि तिला हात दिला. प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत ती चढली. मी बांधलेले पट्टे सोडले. ती बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून राहिली. मी म्हटलं, सुटी वस्तू चालत नाही. तिनं निमूटपणे पर्स मोहितेकडे दिली. मग मी माझ्या जागेवरून उठून, गुडघ्यावर टेकून, तिला बांधलं. आधी पायांचे, मग मांड्यांचे. साडीवरून तो पट्टा कसा घ्यायचा, हे आमच्या कुठल्याही शिक्षणात नव्हतं, तेव्हा तो तसाच सोडला. मग खांद्यांचे. तिचे खांदे किती बारीक झालेत, हे मला तेव्हा कळलं.

"घट्ट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "सैल नको."

मी पिना काढून तिच्या डोळ्यांसमोर धरल्या. तिनं एकेक मोजली. अंगठा वर करायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी लग्नाआधीपासून ज्या गोष्टी सांगत आलोय, त्या तिनं ऐकल्या होत्या म्हणायच्या. तिनं अंगठा वर केला.

मी डावीकडे बसलो. दोघांच्या पुढ्यात दोन दांडे होते. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, मीही.

"काय दिसतं रे वर गेल्यावर?" ती म्हणाली.

"नाय माहीत, फिलू. मला कुणी नेलंच नाय."

"मलापन नाय." तिनं हात पुढे करून दांडा धरला. "मग चल. दोघं मिळून बघू."

खाली मोहिते उभा होता. तो पुढे झाला आणि त्यानं शिडी काढून घेतली.